देवमाशाबद्दलचा जबाब

हर्णै, ता. दापोली
२ डिसेंबर १९५७

चि. सौ. यशोदा हिस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. मी २३ तारखेला, शनिवारी संध्याकाळी सुखरूप पोहोचलो; इंजिन बसवण्याच्या गडबडीत पत्राला उशीर झाला. घाटात एस.टी. दोनदा बंद पडली. ड्रायव्हरने बॉनेट उघडल्यावर मी न बोलावता त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो, हे तुला सांगायला नकोच.

माझी राहण्याजेवण्याची सोय राघो तांडेलांकडे झाली आहे. तांडेल म्हणजे नावेचा मुख्य, सुकाणूवर बसणारा. पन्नाशीचा माणूस, बोलणे मोजके. मच्छीमार सोसायटीने आपल्या कारखान्याचे इंजिन बसवायला जी नाव निवडली ती यांच्याच हाताखालची. चाळीस वर्षे शिडावर काढलेल्या माणसाला इंजिनाचे कौतुक नाही, पण रागही नाही. पहिल्या दिवशी त्यांनी एवढेच विचारले की हे थांबवता कसे. मी म्हटले, आधी चालू कसे करतात ते तरी विचारा. तर म्हणाले, समुद्रावर चालण्यापेक्षा थांबण्याला अक्कल लागते. त्यांच्या जानकीवहिनी तुझी चौकशी रोज करतात. तू दिलेले शेंगदाण्याचे लाडू त्यांना फार आवडले.

काल मला नुसत्या शिडावर समुद्रात नेले. किल्ल्याजवळ दहाबारा गादे नावेबरोबर धावू लागले. गादा म्हणजे डुकरासारख्या तोंडाचा मोठा मासा, पाण्याबाहेर उडी मारून पुन्हा आत जातो. एक तर इतका जवळ आला की हात लावला असता. मी लावला नाही. तू हसशील म्हणून खरे ते लिहून टाकले.

इंजिन बसले आहे. त्याला गिअर नाही. इंजिन चालू तोवर मागचा पंखा फिरणार, पंखा थांबवायचा तर इंजिनच बंद करायचे. थंड असताना एका हँडलात चालू होते, पण तापलेले बंद केले की रुसते. आज बंदरावर सगळ्यांदेखत पाऊण तास हँडल मारले. कोळणी टोपल्या खाली ठेवून बघत होत्या. १२ तारखेला साहेबांसमोर चाचणी आहे. ती पार पडली की मला कायम करतील, असे साहेबांनी निघताना स्वतः सांगितले आहे.

जड उचलू नकोस. उद्धवदादांस नमस्कार. लोभ आहेच, तो इतक्या लांबून थोडा जास्त समजावा.

सयाजी

---

कासारवाडी
७ डिसेंबर १९५७

ती. स्वरूप आपल्या चरणी,

यशोदाचा साष्टांग नमस्कार. पत्र पोचले. घरी सर्व ठीक. पाचवा सरला. जाऊबाई मला पवनेवर धुणे नेऊ देत नाहीत आणि मग स्वतः नेऊन दिवसभर कंबर धरून बसतात. पिंपरीच्या कँपातली पापडवाली परवा आली होती. तिने माझ्याकडे बघून मुलगी होणार म्हणून सांगितले, आणि वर दोन पापड फुकट दिले.

भावजी तुमचे पत्र वाचायला सांगून ऐकत होते. गाद्यांचे ऐकून हसले, रुसणाऱ्या इंजिनाचे ऐकून हसले नाहीत. म्हणाले, सयाजीला यंत्र हाक मारते तेव्हा माणसाची हाक ऐकू येत नाही, हे पोरपणापासून आहे. मी तुमची बाजू घेतली. पण तांडेल सांगतील तसे वागा. आपण निघोज्याची माणसे, आपले पाणी इंद्रायणीपुरते. कायम होण्याचे होईल तेव्हा होईल, तुम्ही आधी जमिनीवर या.

जानकीवहिनींना माझा नमस्कार सांगा. रागावण्यासारखे काही लिहिले असेल तर आल्यावर रागवावे, पत्रातून नको.

आपली
यशोदा

---

हर्णै
१४ डिसेंबर १९५७

चि. सौ. यशोदा हिस आशीर्वाद.

चाचणी झाली. मी खुशाल आहे. समुद्रात देवमासा दिसला, खूप मोठा होता. नावेला धक्का बसून राघो तांडेलांच्या हाताला थोडे लागले आहे. इंजिनात पाणी गेल्यामुळे ते खोलावे लागेल, म्हणून मुक्काम लांबला. काळजी नसावी. सवडीने सविस्तर लिहीन.

सयाजी

---

हर्णै
१५ डिसेंबर १९५७

ती. उद्धवदादांस सयाजीचा सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम कारखान्याच्या पत्त्यावर घालतो. घरी नेऊ नका. यशोदाला मी तांडेलांच्या हाताला थोडे लागले एवढेच लिहिले आहे. त्यांचा उजवा हात मनगटाच्या वर कापावा लागला. दोष माझा आहे.

गुरुवारी सकाळी नऊला निघालो. नावेत राघो तांडेल, तीन खलाशी आणि मी. किल्ल्याला वळसा घालून दोन मैल बाहेर जायचे आणि परत यायचे, असे ठरले होते. साहेबांनी मला बाजूला घेऊन बजावले होते की परत येताना शीड दिसता कामा नये.

किल्ला मागे पडला आणि तांडेलांनी हात वर केला. समोर पाण्यातून वाफेसारखा फवारा उडाला. मग काळी पाठ वर आली आणि ती सरेचना. फलाटावर उभे राहून आपण मालगाडी जाताना बघतो ना, डबा जातो, आणखी डबा येतो, तसे झाले. तिच्या बगलेला दुसरी पाठ होती, लहान. लहान म्हणजे बैलगाडीएवढी. तांडेल म्हणाले, पिलाची आई आहे, इंजिन बंद करा, तिला जाऊ द्या.

मला ऐकू आले नाही असे मी म्हणू शकत नाही. ते दुसऱ्यांदा म्हणाले, "सयाजीराव, बंद करा." मी वेग कमी केला. बंद केले नाही. दादा, माझ्या डोक्यात त्या वेळी देवमासा नव्हताच. बंदरावर मारलेले पाऊण तासाचे हँडल होते, टोपल्या ठेवून बघणाऱ्या बाया होत्या. इथे बंद पडले तर शिडावर परत जावे लागेल, एवढेच डोक्यात होते.

पिलाला आवाजाची गंमत वाटली असावी. ते आईला सोडून आमच्याकडे आले आणि नावेखाली शिरले. करवत ओल्या लाकडात अडकावी तसा आवाज झाला. मागे पाणी लाल झाले. तांडेलांनी वाकून सुकाणू ओढून धरले, पिलाला आणखी लागू नये म्हणून. तेवढ्यात आई खालून वर आली. तिने नावेला मारले नाही. ती पिलाकडे चालली होती आणि नाव मध्ये होती. तिच्या पाठीवर नावेचा मागचा भाग उचलला गेला, सुकाणू फिरले आणि तांडेलांचा हात सुकाणू आणि वाशाच्या मध्ये सापडला. मी आणि एक खलाशी पाण्यात फेकले गेलो.

डोके वर काढले तर ती माझ्यापासून दोन हातांवर होती. तिचा डोळा मला दिसला. एवढ्या मोठ्या अंगाला तो मोसंब्याएवढाच होता, आणि तो माझ्याकडे वळला होता. पोहायचे विसरून मी नुसता तरंगत राहिलो. तिने शेपूट एकदा आपटली असती तर आम्ही पाचही जण संपलो असतो. तिने आपटली नाही. ती पिलाच्या खाली गेली आणि तिने त्याला पाठीवर घेऊन पाण्याबाहेर उचलून धरले, श्वास घेता यावा म्हणून. पुन्हा खाली, पुन्हा वर. तिच्या श्वासाचे पाणी माझ्या तोंडावर पडत होते. आम्ही तिच्या इतके जवळ होतो की ती वळताना आमच्या अंगाखालचे पाणी सरकत असे. मग दोघे पश्चिमेकडे गेले. पिलू जगले की नाही मला ठाऊक नाही. दुसऱ्या नावेने आम्हाला उचलले तेव्हा इंजिन पाण्याखाली जाऊन आपोआप बंद झाले होते.

आता ऐका. कारखान्यातून सुपरवायझर मालोजीराव आले आहेत. त्यांनी जबाब टाइप करून आणला आहे. देवमाशाने विनाकारण हल्ला केला आणि फिटरने, म्हणजे मी, सावध केले असताही तांडेलाने नाव माशावर घातली, असे त्यात आहे. मी खाली सही करायची. सोसायटीचा नियम असा की तांडेलाच्या चुकीने अपघात झाला तर त्याला पुन्हा नाव मिळत नाही, मदतही नाही. सही केली तर मी १ तारखेपासून कायम. नाही केली तर मी कारखान्यातून बाहेर, आणि तुमच्याकडेही बघतील असे मालोजीराव बोलून गेले. ६ जानेवारीला मच्छीमार खात्याचे अधिकारी चौकशीला येतील. तोवर उत्तर द्यायचे आहे.

काय करू ते लिहा. तुमचा शब्द मी आजवर मोडलेला नाही.

आपला
सयाजी

---

चिंचवड
१९ डिसेंबर १९५७

चि. सयाजीस उद्धवचा आशीर्वाद.

तुजं पत्र गेटवर मिळालं. तीनदा वाचलं. जेवनाच्या सुट्टीत डबा तसाच ऱ्हायला. तू जिता हायस ही पयली गोष्ट. बाकीचं त्याच्या मागनं.

मी थोरला, म्हून साफ लिवतो. सही कर. तू सही केलीस तरी त्या मानसाचा हात येनार न्हाई, न्हाई केलीस तरी येनार न्हाई. मासा काय चौकशीला येत न्हाई. तुजं पोर चार म्हैन्यावर आलंय. तुला या कारखान्यात मी शब्द टाकून लावला, त्याला सहा वर्सं झाली. हंगामी म्हून किती दिस ऱ्हानार? राघो तांडेलाचं वाईट वाटतंय, व्हय, मला बी वाटतंय. त्याला आपन दुसऱ्या वाटंनं काय करता यील ते करू.

घरी बोललो न्हाई. यशोदा माज्या तोंडाकडं बघती अन् काय इचारत न्हाई, तेच जड जातंय. ह्ये पत्र वाचून ठेवू नको.

तुजा
उद्धव

---

हर्णै
२० डिसेंबर १९५७

सौ. यशोदाबाई यांस,

जानकी राघो यांचा नमस्कार. हे पत्र मी सांगते आहे आणि शाळेचे मास्तर लिहीत आहेत, म्हणून भाषा त्यांची, मन माझे समजावे.

आपली ओळख लाडवांपुरती. तरी लिहिते, कारण तुमच्या माणसाने आठ दिवस धड अन्न घेतलेले नाही. सकाळी दापोलीला दवाखान्यात जातात, आमच्या यजमानांच्या खाटेशी बसतात, संध्याकाळी परत येतात. यजमानांचा हात गेला तो दैवाचा भाग, पण एक माणूस अंथरुणावर आणि दुसरा उपाशी हे मला एका घरात सोसत नाही. त्यांना घरी बोलावून घ्यावे.

आणखी एक. कारखान्याच्या माणसाने कागद आणला आहे की तांडेलाने नाव माशावर घातली. आमचे यजमान असे करणार नाहीत, पिलाच्या आईवर तर नाहीच. तुमच्या माणसाला मी काही विचारलेले नाही. विचारले तर ते माझ्याकडे जेवायचे पूर्ण बंद होतील.

तुम्ही अवघडलेल्या आहात, या पत्राने त्रास झाला तर क्षमा असावी.

जानकी

---

कासारवाडी
२४ डिसेंबर १९५७

ती. स्वरूप आपल्या चरणी नमस्कार.

जानकीवहिनींचे पत्र आले. ते घेऊन मी भावजींसमोर बसले आणि उठले नाही. त्यांनी सगळे सांगितले. तुमचे पत्रही दिले. त्यांच्यावर रागावू नका. त्यांनी ते फाडले नव्हते, कोटाच्या आतल्या खिशात जपून ठेवले होते.

हाताला थोडे लागले, असे तुम्ही मला लिहिलेत. मी ते जाऊबाईंना वाचून दाखवले, पापडवालीलासुद्धा सांगितले की आमच्या माणसांनी देवमासा बघितला. सगळीकडे मिरवले. आता त्या दिवसाचे आठवले की तोंड लपवावेसे वाटते. तुम्ही पाण्यात होतात, तिच्या तोंडासमोर होतात, आणि मी इथे मिरवत होते. माझ्या जिवाला जपायचे म्हणून लपवलेत हे कळते. पण पुढे आयुष्यभर तुमचे प्रत्येक पत्र मी दोनदा वाचीन, एकदा तुम्ही लिहिलेले आणि एकदा न लिहिलेले.

भावजी सही करा म्हणाले. ते आपल्या भल्याचेच बोलतात. मी करू नका म्हणत नाही. भाड्याची खोली जाईल, भावजींना त्रास होईल, बाळंतपण निघोज्याला करावे लागेल, हे सगळे मलाही दिसते. रात्रंदिवस दुसरे काही दिसत नाही. भीती वाटते, खोटे कशाला सांगू.

माझे मागणे एवढेच आहे. तो कागद घेऊन दवाखान्यात जा. राघोदादांच्या खाटेशी बसून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचा. त्यांच्या तोंडाकडे बघून वाचता आला, तर तिथेच सही करा. मी पुन्हा कधी विषय काढणार नाही, आणि मुलाला सांगेन की वडील कायम आहेत.

जेवत जा. हे मात्र मागणे नाही, हुकूम आहे.

यशोदा

---

हर्णै
७ जानेवारी १९५८

चि. सौ. यशोदा हिस आशीर्वाद.

आता सगळे लिहितो. एकदाच वाचलेस तरी चालेल असे.

तुझे पत्र आल्यावर दोन दिवस मी दवाखान्यात गेलोच नाही. मालोजीराव रोज येत होते. तिसऱ्या दिवशी मी कागद घेऊन गेलो. राघोदादा उशीला टेकून बसले होते. हात कोपराखाली बांधलेला. मी म्हटले, एक कागद वाचून दाखवायचा आहे. त्यांनी मान हलवली.

वाचायला लागलो. हल्ल्याचे वाचले. फिटरने सावध केले असताही, इथपर्यंत आलो आणि पुढे सरकेना. शब्द समोर होते, तोंडातून निघत नव्हते. शेजारच्या खाटेवरचा म्हातारासुद्धा कुशीवर वळून बघू लागला. राघोदादा म्हणाले, पुरते वाचा. मी पुरते वाचले. तांडेलाने नाव माशावर घातली, हेही वाचले.

 मला वाटले आता शिवी देतील. दिली असती तर बरे झाले असते. ते म्हणाले, "करा सही. माझा हात गेलाच आहे. तुमच्या घरी मूल यायचे आहे."

यशोदा, मी सही करण्याच्या अगदी जवळ होतो. मघाशी शब्द अडकले तेही मी विसरलो असतो. पण त्यांनी माफ केल्यावर माझ्यापाशी कुठलीच सबब उरली नाही. मी म्हटले, तुम्ही मला दोनदा बंद करा म्हणालात. ते म्हणाले, म्हणालो होतो. मी म्हटले, हे चौकशीत सांगाल का. तर म्हणाले की त्यांनी सांगून उपयोग नाही, तांडेल आपली कातडी वाचवतो असेच लोक म्हणतील. सांगायचे तर तुम्हीच.

काल चौकशी झाली. सोसायटीच्या खोलीत खात्याचे अधिकारी, मालोजीराव, पंधरावीस नाखवे, म्हणजे नावांचे मालक. मी टाइप केलेला कागद परत दिला आणि माझा जबाब माझ्या हाताने लिहिला. तांडेलाने दोनदा इंजिन बंद करायला सांगितले, मी केले नाही, पिलाला पंखा लागला, देवमाशाने हल्ला केला नाही. अधिकाऱ्यांनी विचारले, हल्ला नाही हे कशावरून म्हणता. मी म्हटले, ती माझ्यापासून दोन हातांवर होती आणि मी इथे उभा आहे. त्यांनी ते तसेच लिहून घेतले.

जानकीवहिनी दाराबाहेर उभ्या होत्या. मला वाटले होते की आता त्यांच्या घरी जायला नको, सामान धर्मशाळेत हलवावे. त्यांना तेव्हाच सगळे कळले ना. घरी गेलो तर पान वाढलेले होते. त्या समोर बसल्या नाहीत, चुलीशी माझ्याकडे पाठ करून रडत होत्या. भात मात्र दोनदा वाढला. मी जेवलो. तुझा हुकूम होता म्हणून नव्हे, नाही म्हणायची हिंमत नव्हती म्हणून.

तांडेल निर्दोष, असा शेरा झाला. माझ्याबद्दलचा शेरा कारखान्याकडे जाईल. मला कायम करणार नाहीत, हे तुझ्या मुलाला आताच सांगून ठेव.

तुझा
सयाजी

---

चिंचवड
१६ जानेवारी १९५८

चि. सयाजीस उद्धवचा आशीर्वाद.

सोमवारी तुजं नाव हजेरीतनं काढलं. मंगळवारी साहेबानं मला हापिसात बोलवलं. दार लावून घेतलं अन् गोड बोलला. म्हनला, तुझा भाऊ घाबरल्यापायी कायबी लिवून बसलाय, त्याची समजूत घाल, जबाब मागं घेऊ दे, अजून येळ गेली न्हाई. मी उभाच होतो. त्यानं बस म्हनलं तरी उभा ऱ्हायलो. म्हनलं, "साहेब, माझा भाऊ खोटं बोलत असता तर मी समजूत घातली असती."

माज्या तोंडातनं ह्ये कसं आलं मलाच कळंना.  आज जॉबरची मुकादमी काढून मला पुन्ना खरादाच्या मशिनीवर घातलंय. असू दे. आठ वर्सं उभ्यानं दुसऱ्याचं काम बघत हुतो, आता आपलं करतो.

मी तुला सही कर म्हनून लिवलं हुतं. ते चुकलं. थोरल्यानं धाकट्याला असं लिवायची पाळी येऊ नये, पर आली तर लपवू बी नये. गप गप ऱ्हानारी तुजी बायको काल मला म्हनली, भावजी, आज दोन भाकरी जास्त केल्यात. बास, येवढंच.

पिंपरीला औषदाच्या कारखान्यात फिटर घेत्यात, रोजावर. इचारून ठिवलंय. लवकर ये. यशोदा म्हनती, बारशाचं बोलावनं तांडेलाच्या घरी आतापास्नंच करून ये, म्हंजी त्यास्नी न्हाई म्हनायला जागा उरायची न्हाई.

तुजा
उद्धव

---

हर्णै
४ मे १९५८

रा. रा. सयाजीराव यांस राघोचा नमस्कार.

डाव्या हाताने लिहितो, म्हणून अक्षर खेकड्यासारखे तिरके चालले आहे. मास्तर लिहून देतो म्हणाले. मी नको म्हटले. हे अर्धे कार्ड लिहायला दोन दिवस लागले.

मुलगी झाली, बरे झाले. बारशाला आम्ही दोघे येतो. जानकी सुके बोंबील आणणार आहे, तुमच्या वासाच्या सबबी ती ऐकणार नाही.

सोसायटीने नाव माझ्याकडेच ठेवली आहे. सुकाणू डाव्या हाताला आता कळू लागले.

शुक्रवारी किल्ल्याच्या पश्चिमेला देवमासा दिसला. इंजिन बंद केले आणि तासभर थांबलो. फवारे दोन होते. एक मोठा, एक लहान. लहानाच्या पाठीवर व्रण होता का, हे तुम्ही विचाराल. लांब होते, दिसले नाही. होता असे लिहावे, तुम्हाला बरे वाटेल, असे फार मनात आले. पण दिसले नाही ते लिहीत नाही.

राघो